चित्राच्या वहीवरचा शेरा

आपलं निसर्गचित्र म्हणजे दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी. एलिमेंटरीच्या तयारीतही तेच. वासुदेव गायतोंडे हे नाव मी फार उशिरा ऐकलं. घराणं गोव्याचं, पण जन्म आपल्या नागपूरचा, 1924 चा! जे. जे. स्कूलमधून 1948 मध्ये पदविका घेतली, 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि तिथे मार्क रॉथको यांना स्टुडिओत जाऊन भेटले.

त्याच वर्षी रॉथकोंकडे ह्यूस्टनच्या प्रार्थनाघराचं काम आलं होतं. तिथे 14 मोठी, गडद रंगांची चित्रं आहेत. मूर्ती नाही, प्रसंग नाही. कुठल्याही धर्माच्या माणसाने यावं, गप्प बसावं. 1971 मध्ये ते उघडलं, पण रॉथको आदल्या वर्षीच गेले होते. गायतोंडेंना पद्मश्री मिळाली तीही 1971 मध्येच. ते वर्षाला मोजकीच चित्रं करत, रोलर आणि सुरीने रंग चढवत.

मी ते प्रार्थनाघर पाहिलेलं नाही. पण डिसेंबरात पहाटे नवेगावबांधच्या तलावावर उभं राहिलं, की धुक्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही. आठवीत मी तेच काढलं होतं, सगळा कागद राखाडी. शेरा मिळाला, ‘अपूर्ण’. ती वही मेळाव्याला घेऊन येतोय.