डांबराची भट्टी

आमच्या भागात रस्ता दोनदा यायचा. आधी खडीचा, मग डांबराचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. १९७२च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडायला बसले, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. रोजगार हमीचा कायदा १९७९मध्ये अमलात आला. हमीच्या कामात साठ टक्के खर्च अकुशल मजुरीवर हवा, असा दंडक. खडी बायाबापड्या फोडत, डांबर मात्र विकत आणावे लागे. म्हणून माझ्या अम्मीने फोडलेल्या खडीवर डांबर पडायला सहा वर्षे गेली.

ते आले तेव्हा मी नववीत होतो. ट्रकमधून पिंपे उतरली, एकेक दीडशे किलोंच्या आसपास. पूर्वीचे डांबर दगडी कोळशाचे; हे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे. नाव तेवढे जुनेच राहिले. पिंपात ते गोठून घट्ट बसलेले असे. झाकण फोडून पिंप चाकांवरच्या बॉयलरच्या माथ्यावर आडवे करायचे. खाली लाकडे, ती संपली की जुने टायर. वितळलेले डांबर टाकीत उतरे, मग झारीने खडीवर.

डांबर दीडशे-एकशे साठ अंशांपर्यंतच तापवावे. त्यापुढे त्यातले हलके तेल उडून जाते आणि ते ठिसूळ होते. हे ओळखायला तापमापक हवा. आमच्याकडे माझे मामू होते. धूर निळसर झाला की ते ओरडून जाळ ओढायला लावत. पण संध्याकाळी उरलेले डांबर टाकीतच गोठे आणि सकाळी पुन्हा तापवले जाई. प्रत्येक वेळी त्याचा चिवटपणा कमी होई. रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला तेव्हा लोकांनी ठेकेदाराला चोर ठरवले. चोरी असेलही, पण जळलेले डांबरही होते. ते कुणाच्या हिशेबात आले नाही.

एकदा पिंपात पावसाचे पाणी साचलेले कुणाच्या ध्यानात आले नाही. गरम डांबरात पाणी पडले की ते फेसाळून उसळते. मामूंच्या डाव्या हाताची कातडी गेली. आठ दिवसांची मजुरी मिळाली, बस्स.

आता मोठ्या कामांवर डांबर टँकरने येते. टाकीला बाहेरून उष्णतारोधक वेष्टण, आत नळ्यांतून गरम तेल फिरते. उघडा जाळ त्याला लागत नाही, अंशही काट्यावर दिसतात. खेड्याच्या रस्त्यावर खड्डे बुजवायला मात्र तो जुना बॉयलर अजून भेटतो.

हात बरा झाल्यावर मामूंनी एक रिकामे पिंप घरी आणले. कापून, ठोकून सपाट केले. अम्मीच्या स्वयंपाकघराला दार झाले. वैशाखात दुपारी त्याला चिकटलेले डांबर मऊ पडायचे आणि अम्मी आतून ओरडायची, "दरवाजे कू हात नक्को लगाव!"