मिरगाचा कोंबडा

आमच्या राजापूर तालुक्यातल्या गावात जूनच्या ७-८ तारखेला कोंबडा कापतात. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तो हा दिवस. धूळवाफेवर पेरलेलं भात पावसाची वाट बघत असतं आणि घरातला एक गावठी कोंबडा आधीपासूनच नेमून ठेवलेला असतो. राखणदाराला त्याचा मान द्यायचा, शेताची, गुराढोरांची, पोराबाळांची राखण कर असं गाऱ्हाणं घालायचं आणि मग घरी वडे-सागोती. आजी याला 'मिरगाचा कोंबडा' म्हणायची. 'मृग' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिचा आपला मिरग.

पाचवीत असताना बाईंनी 'मृग' शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. मी लिहिलं, 'मिरगाला आम्ही कोंबडा खातो.' बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. मग बाईंनी तीन गोष्टी समजावून सांगितल्या. एक, मृग म्हणजे हरीण. दोन, इथे कोंबड्याचा काही संबंध नाही. तीन, 'मिरग' हा अशुद्ध शब्द आहे.

घरी आल्यावर मी आजीला दुरुस्त करायला लागले. 'आजी, मिरग नाही, मृग म्हण.' ती म्हणून बघायची, जीभ अडखळायची, मग गप्प व्हायची. पाहुण्यांसमोर तिने मिरग म्हटलं की मला लाज वाटायची.

पुढे कोश चाळायची सवय लागली आणि बाईंच्या त्या तीन गोष्टी मी एकेक करून तपासल्या.

मृग म्हणजे हरीण?

आज मराठीत हो. पण मुळात मृग म्हणजे रानातलं कुठलंही जनावर. ऋग्वेदात हत्तीला 'हात असलेला मृग' म्हटलंय. सोंड म्हणजे त्याचा हात. पुढे त्यातला मृग गळून पडला, नुसता 'हस्ती' उरला आणि त्याचा आपण हत्ती केला. शिकारीला मृगया म्हणतात, मग शिकार डुकराची असो की वाघाची. सिंह हा मृगेंद्र, म्हणजे जनावरांचा राजा. माकड हे शाखामृग, फांदीवरचं जनावर. मृग म्हणजे फक्त हरीण धरलं, तर फांदीवर हरीण चढवावं लागेल!

हळूहळू हा शब्द आक्रसत गेला आणि एकाच प्राण्यावर येऊन थांबला. गंमत म्हणजे इंग्रजीतही अगदी हेच झालं. 'डिअर' हा शब्द जुन्या इंग्रजीत कुठल्याही जनावराला चालायचा. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात उंदीर-घुशींनाही डिअर म्हटलंय. जर्मनमधला त्याचा भाऊ 'टियर' आजही 'प्राणी' याच अर्थाने वापरतात. मृग आणि डिअर यांचं एकमेकांशी नातं नाही, तरी दोघे एकाच वाटेने चालत हरणापाशी पोचले.

दक्षिणेत मात्र मृग आक्रसला नाही. कोकण रेल्वेने पहिल्यांदा केरळात गेले, तेव्हा सोबतच्या मैत्रिणीने एक पाटी वाचून दाखवली, 'मृगाशुपत्री'. मी विचारलं, 'इथे हरणांसाठी वेगळं हॉस्पिटल?' ती पोट धरून हसली. तो गुरांचा दवाखाना होता. मल्याळममध्ये मृग म्हणजे प्राणी, कन्नडमध्येही तेच. मैसूरच्या प्राणिसंग्रहालयाचं कन्नड नाव 'मृगालय' आहे. तिथे वाघ आहे, हत्ती आहे, जिराफ आहे आणि सगळेच मृग आहेत.

हरीण आभाळात कसं गेलं?

आपल्याकडे या जनावराचा पाऊसही झाला. आभाळातल्या एका तारकासमूहात जुन्या लोकांना हरणाचं डोकं दिसलं, म्हणून ते मृगशीर्ष. सूर्य त्या भागात येतो तेव्हा कोकणात पावसाचे दिवस सुरू होतात. मजा अशी की त्या दिवसांत हे तारे दिसतच नाहीत, कारण ते सूर्यासोबत दिवसा वर असतात. सहा महिन्यांनी ते रात्रभर दिसतात आणि पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याजवळ येतो. त्या महिन्याचं नाव मार्गशीर्ष. म्हणजे एकाच मृगाच्या नावाने आपण जूनमध्ये कोंबडा खातो आणि डिसेंबरच्या आसपास गुरुवारचे उपास करतो.

या नक्षत्रावर एक अख्खं पुस्तक लिहिणारा माणूस रत्नागिरीतच जन्मला. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा. 'ओरायन' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक १८९३ साली आलं. ओरायन म्हणजे हाच मृग. वसंतसंपात एके काळी मृगात होता, तेव्हाच्या आठवणी वेदांत आहेत, म्हणून वेद इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत मागे जातात, असा त्यांचा मुद्दा होता. आज बहुतेक अभ्यासक हा काळ मान्य करत नाहीत. पण पुराव्यासाठी टिळक फक्त वेदांत शोधत बसले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते ग्रीक कथांकडे गेले, पारशांच्या अवेस्ताकडेही गेले. आपलीही पुढची वाट तिकडूनच जाते.

कोंबड्याचा काही संबंध नाही?

अवेस्ताची भाषा ही वैदिक संस्कृतची सख्खी बहीण. मृगाचाच भाऊ असलेला शब्द तिच्यात आहे, पण त्याचा अर्थ पक्षी. त्याचा फारसीत झाला 'मुर्ग'. एकाच घरातला शब्द, भारतात चार पायांवर चालला आणि इराणात उडाला. ऋग्वेदातही एका ठिकाणी पंख असलेला, उडणारा मृग आहेच.

मुर्ग मग सुलतानांसोबत, व्यापाऱ्यांसोबत भारतात आला. आपल्या जिल्ह्यातलं दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर, आणि दरबारात फारसी चालायची. भारतात आल्यावर हा शब्दही आक्रसला. इराणातला 'कुठलाही पक्षी' इथे येऊन मुर्गा-मुर्गी झाला. म्हणजे कोंबडा!

आता शहामृग घ्या. लहानपणी मला प्रश्न पडायचा की पिसं असलेल्या पक्ष्याला मृग का म्हणतात. हिंदीत त्याला शुतुरमुर्ग म्हणतात. शुतुर म्हणजे उंट. उंटासारखा उंच पक्षी तो शुतुरमुर्ग. आपल्या शहामृगातला मृगसुद्धा खरं तर हा फारसी मुर्गच आहे. मराठी कानांना तो ओळखीच्या मृगासारखा वाटला आणि आपण त्याला तसंच लिहायला लागलो.

मिरगाला कोंबडा कापायची प्रथा या शब्दांमुळे पडली, असं मी म्हणत नाही. तो योगायोग आहे. पण आभाळात मृग आणि ताटात मुर्ग, हे दोन भाऊ त्या दिवशी एकत्र येतात, हे खरं. 'संबंध नाही' असं म्हणता येणार नाही.

आणि मिरग अशुद्ध?

मूळ 'ऋ' हा स्वर आज बोलण्यात कुणाकडेच उरलेला नाही. मराठी माणूस 'म्रुग' म्हणतो, हिंदी माणूस 'म्रिग' म्हणतो. बाईही 'म्रुग'च म्हणायच्या. तमिळमध्ये तर लिहितातच 'मिरुगम्'. आजीच्या मिरगाच्या किती जवळ! पण तिथे त्याला कुणी हसत नाही. पालीत मृगाचा 'मिग' होतो. बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश केला, ती जागा पालीत 'मिगदाय', हरणांचं रान.

हा पालीतला मिग जाणणारा एक माणूस रत्नागिरीत ३० वर्षं कैदेत राहिला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा. तरुणपणी मठात राहून त्याने पाली ग्रंथांचा अभ्यास केला होता. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, १८८६ मध्ये त्याला इथे आणलं, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. आज आपण थिबा पॅलेसला जाऊन सेल्फी काढतो. त्याच्या भोवतालच्या गावांत दर जूनमध्ये लोक मिरग-मिरग म्हणत असणार. त्याला मात्र त्यात अशुद्ध काही वाटलं नसतं.

शुद्ध-अशुद्धाचा मोठा वादही याच गावाने पाहिला. १९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. फारसी, अरबी, इंग्रजी शब्द काढून टाकून त्यांच्या जागी संस्कृतावरून घडवलेले शब्द आणायची भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी इथून चालवली. दिनांक, महापौर, दूरध्वनी यांसारखे त्यांचे शब्द आपण आजही वापरतो, आणि ते कामाचे आहेत. १९२५ साली माधव जूलियन यांचा फारसी-मराठी कोश आला. आपल्या रोजच्या बोलण्यात किती फारसी मुरलंय ते त्यातून दिसलं. पुढे तेही भाषाशुद्धीच्या बाजूला गेले.

माझी अडचण एवढीच आहे की शब्दांची अशी झडती घ्यायला बसलं, तर शहामृग सुटतो आणि मुर्गी पकडली जाते. शहामृग संस्कृतासारखा दिसतो म्हणून त्याला कुणी विचारत नाही. मुर्गी परकी वाटते, पण ती तर मृगाचीच चुलत बहीण. आणि या सगळ्यात सर्वांत आधी गप्प होते ती घरातली म्हातारी, जिने कुठलाच शब्द बाहेरून आणलेला नसतो.

गेल्या जूनमध्ये मी गावी होते. आजी आता थकलीय, ऐकायला कमी येतं. सकाळी तिच्याजवळ बसून विचारलं, 'आजी, आज काय आहे?' ती थोडं थांबली. मग सावकाश, एकेक अक्षर सांभाळत म्हणाली, 'मृग.'

मला काय बोलावं सुचेना. 'आजी, मिरग,' मी म्हटलं.

'तूच ना सांगितलंस, तसं नको म्हणू?'

'मी चुकले होते.'

तिला ते ऐकू आलं की नाही, माहीत नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं, 'आजी, मिरग लागला.' ती हसली आणि म्हणाली, 'मग कोंबड्याचं बघा कुणीतरी.'