विजयदुर्गाचा हेलियम आणि झोपेत मिटणारा घसा

१/ मालवणच्या उत्तरेस, देवगड तालुक्यातील विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. हेलियमचा शोध येथेच लागला असे सांगितले जाते. इतिहास मात्र किंचित निराळा आहे.

२/ १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. सौर वर्णपटातील अनोळखी पिवळी रेषा लॉकियर यांनी त्याच ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. ते विजयदुर्गास आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्यापूर्वीच, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झे यांनी हेलियम पृथ्वीवरील खनिजातून मिळवला होता.

३/ सूर्यावर प्रथम ओळखला गेलेला हा वायू पुढे माणसाच्या घशापर्यंत पोहोचला. १९३४-३५ च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉक्टर अल्वन बॅरॅक यांनी श्वासमार्ग अरुंद झालेल्या रुग्णांना हेलियम व प्राणवायू यांचे मिश्रण दिले. चार भाग हेलियम आणि एक भाग प्राणवायू घेतल्यास मिश्रणाची घनता हवेच्या सुमारे एक तृतीयांश भरते. ते चिंचोळ्या वाटेतून कमी श्रमात जाते. सूज मात्र जिथल्या तिथे राहते. येथे बदलते ती हवा, घसा नव्हे.

४/ घसा केवळ झोपेतच मिटत असेल तर? स्लीप अ‍ॅप्नियामध्ये स्नायू सैलावतात, जीभ व मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वास पुनःपुन्हा अडतो. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दिवसा झोप येण्यासारख्या लक्षणांसह हा विकार सुमारे ७.५ टक्क्यांमध्ये असल्याचा अंदाज निघाला.

५/ पूर्वी गंभीर रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवीत. १९८१ मध्ये सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांच्या नाकावर मुखवटा बसवून सतत दाबाची हवा सोडली. ४.५ ते १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका अल्प दाब पुरला. घसा उघडा राहिला. हाच सीपॅप उपचार.

६/ मग रोज रात्री हा दाब घेतल्याने घशाच्या ऊती बदलतात का? १९९१ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मोजक्या रुग्णांचे एमआरआय उपचारापूर्वी व चार ते सहा आठवड्यांनंतर काढले. घशातील पोकळी वाढली होती, जिभेचे आकारमान घटले होते. घोरण्याचे हादरे आणि मिटलेल्या वाटेतून श्वास ओढण्याचा ताण ऊतींना सूज आणतो. ते थांबले की सूज उतरते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

७/ तथापि जबड्याची ठेवण आणि झोपेत स्नायू सैलावण्याची प्रवृत्ती हवेच्या दाबाने बदलत नाही. म्हणूनच यंत्र बंद केल्यावर श्वास पुन्हा अडू लागतो. काहींमध्ये पहिल्याच रात्री, जरी आरंभी पूर्वीपेक्षा थोडा कमी.

८/ बॅरॅक यांच्या वायूने घशात काहीच बदलले नव्हते; सलिव्हन यांच्या दाबाने सूज उतरते, पण घडण तीच राहते. चार आठवड्यांत बरे वाटले म्हणून परस्पर मुखवटा कपाटात ठेवणाऱ्याने हा भेद ध्यानात घ्यावा. यंत्र थांबवायचे की नाही, हे डॉक्टरांनी झोपेची पुन्हा तपासणी करूनच ठरवायचे असते.