दख्खनचे पाणी आणि पिकाचे माप

अवर्षणग्रस्त देशात शेतीची उत्पादकता कशाने वाढते, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर 'धरणांनी' असे आहे. दख्खनच्या गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हे उत्तर अपुरे ठरवितो. पाण्याचा साठा ही वाढीची एक अट होय. परंतु त्या पाण्याची वाटणी कोणत्या नियमाने होते आणि उत्पादन कोणत्या मापाने मोजले जाते, यांवर पुढील सर्व अवलंबून असते.

आपल्या भाषेतच हे माप दडलेले आहे. 'जिरायत' हा शब्द 'जिरणे' या क्रियापदावरून आलेला नव्हे. अरबी-फारसीत त्याचा मूळ अर्थ केवळ 'शेती' असा आहे. मराठीत मात्र 'बागायत' या शब्दासमोर उभा राहून तो 'पावसावरची जमीन' एवढ्यापुरता संकोचला. जमिनीचे वर्गीकरण पाण्यावरून करणाऱ्या या समाजाने उत्पादन मात्र एकरावर मोजले. पुढील विसंगतीचे मूळ येथेच आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८५ मध्ये, नीरा डावा कालवा सुरू झाला. ज्वारी-बाजरीस संरक्षण देणे हा अशा कालव्यांचा हेतू होता. तथापि बऱ्या पावसाच्या वर्षी कोरडवाहू पिकांसाठी पाणीपट्टी भरण्यास शेतकरी उत्सुक नसे. त्यामुळे पाणी उसाकडे वळले. एकरी उत्पन्न वाढले खरे. पण अतिसिंचनाने कित्येक जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धती सुचविली. भिजणारी जमीन ठराविक गटांत आणावी आणि उसाला गटाचा काही भागच देऊन उरलेल्या भागात इतर पिके फिरवावीत, असे तिचे स्वरूप होते.

या तत्त्वाचा जुना अवतार खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत दिसतो. बंधाऱ्याखालील जमीन साधारणतः तीन-चार फडांत विभागलेली असे व एका फडात एकच पीक घेतले जाई. पाणी देण्याचे काम मालकाकडे नसून पाटकऱ्याकडे असे. पाणी कमी पडल्यास एखादा फड पडीक ठेवीत. प्रत्येकाची जमीन बहुधा सर्व फडांत विखुरलेली असल्याने तुटीचा भार सर्वांवर पडे. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीचा आरंभकाळ धुळे भागात गेला होता. एवढ्यावरून ब्लॉकचा उगम फडात शोधणे धाडसाचे होईल. परंतु दोहोंतील तत्त्वसाम्य नाकारता येत नाही.

दुसरी धारा कोरडवाहू संशोधनाची. १९३३ पासून सोलापूर येथे ना. वि. कानिटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांची सांगड घातली. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेले ३५-१ हे रब्बी ज्वारीचे वाण याच दृष्टीचे फळ होय. येथे बाहेरून पाणी आणलेले नव्हते. पडलेल्या पावसाचा ओलावा जमिनीत टिकविला होता.

१९७४ मध्ये पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने या दोन्ही धारांस एक नवा निकष जोडला. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरता माणशी ठरला: दर माणशी अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर, आणि ऊस वर्ज्य. भूमिहीनही त्यात हक्कदार ठरले.

या सर्व उदाहरणांत वाढीस चालना देणारा घटक एकच दिसतो: दुर्मिळ वस्तू पाणी आहे हे मान्य करून पिकाची निवड तिच्या मर्यादेत ठेवणे. ही मर्यादा जेथे सुटली तेथे एकरी आकडे चढले, परंतु समग्र लाभ घटला. आजही शेतजमिनीचा अल्प भाग व्यापणारा ऊस कालव्यांच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. तेव्हा एकरी टनांच्या जोडीने 'दर घनमीटर पाण्यामागे किती धान्य आणि किती माणसांस' हे माप इतिहासाच्या अभ्यासकानेही हाती घेणे अगत्याचे आहे. त्याविना दख्खनच्या शेतीची प्रगती व तिची हानी एकाच रकान्यात मांडली जाईल.