ओली लाकडं आणि चुकायची मुभा



'नाचता येईना अंगण वाकडं, रांधता येईना ओली लाकडं' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बहुतेक वेळा ती बाईलाच ऐकवली जाते. पण जिने भर श्रावणात चूल पेटवली आहे तिला विचारा. लाकडं खरंच ओली असायची! भाकरी करपली तर बोलणी मात्र तिनेच खायची.

बचत गटाच्या कामात आम्ही बायकांशी नव्या पदार्थाबद्दल बोलतो, बिस्किटं करू या, नानकटाई करू या म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न 'जमेल का?' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'बिघडलं तर?' वाया गेलेलं पीठ, तूप, साखर कुणाच्या नावावर? हा प्रश्न लहान नाही. स्वयंपाकाचा सगळा इतिहासच या प्रश्नाभोवती फिरतो. म्हणून आज आपण बिघडवत बिघडवत शिकलेल्यांचा इतिहास बघू या.

सुरुवात आपल्या ओळखीच्या अनरशापासून करू. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, निथळून दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, मग खसखशीवर थापून मंद आचेवर तळायचं. यातलं काही चुकलं की अनरसा तुपात विरघळून पसरतो. आपण म्हणतो, 'अनरसे हसले.' मग जुनी बाई सांगते, 'गूळ जास्त झालाय, थोडी तांदळाची पिठी घाल.' पीठ कोरडं झालं असेल तर केळं नाहीतर दुधाचा हात लावायला सांगते. ही अक्कल आकाशातून पडली नाही. किती जणींचे घाणे फसले असतील तेव्हा ती तयार झाली. पाक एकतारी की गोळीबंद हे बोटांच्या चिमटीत ओळखणं, तेलाचा ताव कणकेची गोळी टाकून बघणं, हे सगळं असंच आलं. त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

आता पावाकडे येऊ. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला. त्यांना रोज पाव लागे, पण हा मुलूख भात खाणारा. गहू मिळवता येईल, पण पीठ फुगवायला लागणारं यीस्ट आणायचं कुठून? तेव्हा गोव्यात माडाची सूर वापरली गेली. ताजी सूर काही तासांतच आपोआप आंबायला लागते, कारण यीस्ट तिच्यात निसर्गतःच असतं. तीच सूर पिठात घालून पाव फुगवला गेला. जेझुइट पाद्र्यांनी साष्टीतल्या माजोर्डा भागातल्या लोकांना ही विद्या शिकवली, असं गोव्यात सांगतात. पोर्तुगीजांचा पाव आपल्या माडाच्या सुरेवर उभा राहिला. पाव भाजणारा तो 'पोदेर'. पोई, उंडो, कांकण हे त्याच्याकडचे प्रकार. सायकलचा भोंगा वाजवत तो आजही गोव्यातल्या वाड्यांवरून फिरतो. पुढे गोव्याचे बेकरीवाले मुंबईत आले, इराण्यांच्या बेकऱ्या निघाल्या, आणि पाव शहरभर पसरला.

पण आपल्या माजघरात भट्टी आली नाही. कारण पावाला बाटण्याची भीती चिकटली होती. विहिरीत पाव टाकला आणि पाणी पिणारं गाव बाटलं, अशा गोष्टी वसईकडे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहा-बिस्किटांवरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवरही ग्रामण्य झालं, प्रायश्चित्ताचा वाद पेटला. इतक्या मोठ्या माणसांची ही गत, तर घरातल्या सुनेने बिस्किटाचं पीठ मळून बघायचं धाडस कसं करावं? म्हणून भाजण्याची विद्या घराबाहेर भट्टीवर राहिली.

तरी बायकांनी वाट काढली. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवायची, त्यावर ताटलीत पीठ ठेवायचं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच, झाली भट्टी! पुढे प्रेशर कुकर आला तेव्हा पाणी न घालता, शिट्टी आणि रबरी रिंग काढून, तळाशी मीठ किंवा वाळू घालून केक भाजले गेले. कितीतरी गावांत सुटीत नाहीतर दिवाळीच्या आधी घरून मैदा, साखर, तूप नेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायची पद्धत होती. जिन्नस घरचा असायचा, पण आच राखायचं काम भट्टीवाल्याच्या हातात. त्यामुळे नानकटाई आवडीची झाली तरी ती कधी, किती भाजायची हे ज्ञान बऱ्याच घरांत आलंच नाही.

ज्ञान घरात यायला माप लागतं. आमच्या आज्यांचं माप होतं 'अंदाजाने' आणि 'पीठ मागेल तेवढं पाणी'. ते खोटं नव्हतं, पण ते शिकायला शेजारी उभं राहावं लागे. मराठीत पाककृतींची पुस्तकं छापली जाऊ लागली तेव्हा 1875 च्या 'सूपशास्त्रा'चे लेखक होते रामचंद्र सखाराम गुप्ते, म्हणजे पुरुष. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं आणि बाईचा अनुभव बाईच्या नावाने छापला गेला. पुढे 1956 च्या कायद्यानंतर शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. घराघरांत तराजू मात्र नव्हता. 1970 साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' निघालं. त्यात माप होतं वाटीचं आणि चमच्याचं. वाटी कुणाकडे नाही? माहेर सोडून दूर गेलेल्या, शेजारी सांगायला कुणी नसलेल्या कितीतरी मुली त्या पुस्तकावर स्वयंपाक शिकल्या. मापामुळे चुका थांबल्या असं नाही, पण चूक कुठे झाली ते सापडू लागलं. 'नशिबाने बिघडलं' याऐवजी 'सोडा अर्धा चमचा जास्त पडला' असं म्हणता येऊ लागलं.

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. 15 मार्च 1959. मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या. छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून 80 रुपये उसने घेतले होते. त्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने ती विकायला घेतली. काही महिन्यांत पावसाळा आला. गच्चीवर ऊन नाही, पापड वाळेनात. काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसातही पापड वाळले! सुरुवातीला त्यांनी स्वस्तातला एक हलका पापडही करून बघितला. मग ठरवलं, माल एकच आणि तो चांगलाच. तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटले जात. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये झाली. 1961 साली मालाडला शाखा काढली, ती चालली नाही. तरी संस्था थांबली नाही. 1966 साली तिची नोंदणी झाली, खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. हीच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

या गोष्टीत 80 रुपयांचं कौतुक सगळे करतात. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिथे नफा सगळ्या बहिणींचा होता, तसा तोटाही सगळ्यांचा होता. पावसाने बुडालेले चार महिने कुणा एकीच्या माथी मारले गेले नाहीत. एकटी बाई असती तर पहिल्याच पावसात घरच्यांनी सांगितलं असतं, 'पुरे झाले हे उद्योग.' सात जणी होत्या म्हणून दुसरं वर्ष उजाडलं आणि खाटेखाली स्टोव्ह ठेवायची युक्ती सुचायला वेळ मिळाला.

बचत गटाची खरी ताकद हीच आहे, असं आम्ही मानतो. बँकेचं कर्ज, योजना, प्रशिक्षण हे सगळं हवंच. पण गटाने आपल्या सभासदाला चुकायची मुभा दिली नाही तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवरच राहतं. नाचणीची बिस्किटं घ्या. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून बिस्किट भुगा होतं. त्यात गव्हाचं पीठ किती मिसळायचं, तूप किती, भट्टी किती तापवायची, हे आपल्या गावच्या पिठावर आणि आपल्या भट्टीवर करूनच कळतं. पहिले चार-पाच घाणे शिकण्याचे धरावे लागतात.

म्हणून आम्ही गटांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, पदार्थाचा खर्च मांडतानाच शिकण्याच्या घाण्यांचा खर्च वेगळा काढा आणि तो गटाच्या खात्यातून करा, बाईच्या पदरातून नको. दुसरी, एक वही ठेवा. तारीख, पीठ किती, तूप किती, आच कशी, किती मिनिटं आणि काय झालं. बिघडलेला घाणासुद्धा लिहा, तो तर आधी लिहा. सहा महिन्यांनी गटात नवी सभासद येईल, तेव्हा तिला तीच वही उपयोगी पडेल.

आणि मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात आजी, आत्या, सासूबाई आहेत त्यांनी या आठवड्यात त्यांच्यापाशी बसा. त्यांना त्यांची चांगली पाककृती विचारू नका, ती त्या सांगतातच. 'तुमचं काय बिघडलं होतं आणि मग तुम्ही काय केलं?' असं विचारा. जे सांगतील ते त्यांच्या नावासकट वहीत लिहून ठेवा.