तांबे किती, आणि कोणत्या रूपात?

खुलताबादच्या माणसाने समुद्राच्या आम्लीकरणाविषयी का वाचावे? वेरूळची येळगंगा शिवनेला मिळते, शिवना गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. हे एक कारण. दुसरे पायाखाली आहे. कैलास लेणे ज्या बेसाल्टात कोरले, तो खडक झिजताना पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वापरतो आणि त्याचे बायकार्बोनेट करून नदीच्या हवाली करतो. समुद्राची आम्ल पचवण्याची ताकद अशाच झिजेतून, लाखो वर्षांत जमली. आपल्या चिमण्या आणि मोटारी तेवढा वेळ थांबायला तयार नाहीत; त्यांचा कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून त्याला आम्लाकडे ढकलतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला. आकडा किरकोळ दिसतो, पण हायड्रोजन आयन त्यामुळे जवळपास 30 टक्क्यांनी वाढले. पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे.

आता धातूंकडे वळू. समुद्रातले बहुतेक तांबे सेंद्रिय द्रव्यांनी आणि कार्बोनेटने धरून ठेवलेले असते. जिवाला बाधते ते मुख्यतः मोकळे तांबे. सामू उतरला की कार्बोनेट घटते आणि मोकळ्या तांब्याचा वाटा वाढतो. मग बाधाही त्याच प्रमाणात वाढते का? इथेच या शास्त्राची गंमत आहे. कल्ल्यांवरच्या ज्या जागा तांबे अडवते, त्यांवर हायड्रोजन आयनांचाही डोळा असतो; म्हणून बाधा त्याच प्रमाणात वाढेलच असे नाही. कॅडमियमची तऱ्हा आणखी वेगळी: ते क्लोराइडला चिकटते, त्याला सामूचे फारसे सोयरसुतक नाही, मात्र पावसाळ्यात खाडीचा खारटपणा उतरला की तेच मोकळे होते.

प्राण्यांचेही तसेच. ब्रिटनमध्ये सेरी लुईस यांच्या गटाने 2014 मध्ये वाळूत राहणाऱ्या लगवर्म या किड्यावर केलेल्या प्रयोगांत, आम्लीकृत पाण्यात तांब्याची बाधा वाढलेली दिसली. पुढे शिंपले आणि समुद्री साळू यांची तुलना झाली. साळूने शरीरातले आम्ल सावरले, शिंपल्याला ते जमले नाही. डीएनए मात्र दोघांचाही बिघडला. माझ्या मते या विषयातले सर्वांत बोलके निष्कर्ष हेच.

आपल्याकडे उल्हास खाडीच्या गाळात कारखान्यांचा पारा साठल्याची नोंद आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात खालचे, कमी प्राणवायूचे पाणी वर येते; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ते वर्षानुवर्षे मोजले आहे. असे पाणी सामूनेही उतरलेले असते. म्हणजे आपल्या तिसऱ्या-कालवांना दरसाल जे सोसावे लागते, ते युरोपातल्या टाकीतल्या प्रयोगावरून जसेच्या तसे सांगता येणार नाही.

वाचकांना एकच विनंती. कोणताही अहवाल हाती आला की तांब्याच्या आकड्याशेजारी सामू, खारटपणा आणि सेंद्रिय कार्बन दिला आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर त्या आकड्यावरून विषबाधेचा निवाडा करू नका.