तुरुंगातलं दळण

आमच्या बाजूला पोरगं हाताबाहेर गेलं की जुनी माणसं म्हणतात, जाईल एक दिवस ठाण्याला दळायला. शहापूर-मुरबाडच्या माणसाला तुरुंग म्हटलं की ठाणंच आठवतं. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत मीही कामासाठी कितीदा त्या दगडी भिंतीखालून गेलो असेन. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये तो इंग्रजांकडे गेला, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. भातसानगरच्या वसाहतीत निवृत्त होऊन बसल्यावर वाचायला सवड मिळाली, तेव्हा या भिंतीआडची एक गोष्ट मला फार आवडली.

गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा ठपका ठेवून इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला 1815 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. देशी शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. नेमकं तिथंच फसलं. किल्ल्यात एक मोतद्दार कामाला लागला. घोड्याला खरारा करता करता तो मराठीत गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातून बाहेरचे निरोप त्रिंबकजीच्या कानावर जायचे. गोऱ्यांना ते नोकराचं गुणगुणणं वाटलं. 12 सप्टेंबर 1816 ला त्रिंबकजी पसार झाला. पुढे बिशप हेबर ठाण्याला आला तेव्हा ही हकिकत त्यानं लिहून ठेवली.

त्रिंबकजी काही संत नव्हे, त्याचं कौतुक मला नाही. लक्षात राहतो तो खरारा. रोजचं हलकं काम आणि त्याच्याबरोबरचं गाणं, यावर पहारेकऱ्याचं लक्षच नसतं.

दळणाची गोष्ट धुळ्याची. 1932 च्या सत्याग्रहात विनोबा, साने गुरुजी, जमनालाल बजाज, अण्णासाहेब दास्ताने, गुलझारीलाल नंदा अशी मंडळी धुळ्याच्या तुरुंगात होती. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार विनोबा तिथं गीतेवर बोलले, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजींनी ते भरभर उतरवून घेतलं, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे. याचा उल्लेख सगळेच करतात. मला मात्र रविवारांमधले सहा दिवस महत्त्वाचे वाटतात. त्या दिवसांत विनोबा बाकीच्या कैद्यांबरोबर दळायला बसत. नेमून दिलेलं काम टाळायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. चौथ्या अध्यायावर बोलताना त्यांनी सांगितलं की कामात मन ओतलं की कामाचं ओझं उतरतं, आणि दाखला दिला तो लेकराच्या पाठीवरून फिरणाऱ्या आईच्या हाताचा. ज्याचा स्वतःचा खांदा दळून भरून आला आहे, त्याच्या तोंडून हे आलं म्हणून मला ते पटतं. गादीवर बसून कोणी सांगितलं असतं तर मी पान उलटलं असतं.

दळणात काय असतं ते मी घरी पाहिलंय. आजी पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जात्याशी बसायची. एक पाय लांब, दुसरा मुडपलेला. डाव्या हातानं नाचणीची वैरण घालायची, उजव्या हातानं खुंटा ओढायची. खुंटा खिळखिळा झाला की भोकात चिंधी कोंबायची. पीठ जाडं पडायला लागलं की पाथरवटाची वाट पाहायची. तो आला की टाकी मारून द्यायचा आणि त्या दिवशी पिठात कचकच लागायची. समोर शेजारीण बसली तर ओव्या, नाहीतर एकटीच पुटपुट. भाऊ, माहेर, पाऊस, विठ्ठल, सगळं त्या ओवीत यायचं.

म्हणजे धुळ्यात पुरुषांना जे काम सक्तमजुरी म्हणून मिळालं, ते घरोघरी बायका रोज करत होत्या, आणि त्याला शिक्षा कोणी म्हटलं नव्हतं. त्या कष्टातून अर्थ कसा काढायचा हेही त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. एवढ्या विद्वानांच्या तुरुंगवासावर इतकं लिहिलं गेलं, त्यात ही बाब जरा कडेलाच राहिली असं मला वाटतं.

साने गुरुजींच्या मात्र ती नजरेतून सुटली नाही. धुळ्याहून ते नाशिकच्या तुरुंगात गेले. 9 फेब्रुवारी 1933 ला त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि 13 तारखेच्या पहाटे हातावेगळी केली. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री लेखन. पुस्तकावर रडणारे पुष्कळ भेटतात. मी ते वाचताना त्यात घरकाम किती आहे ते पाहतो. अंघोळ, फुलं, पत्रावळी, भाजी. बंद कोठडीत माणसाला आठवलं ते हे, लढ्याचे मोठे शब्द नव्हेत. पुढे त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केलं. विनोबांची ‘गीताई’ही 1932 मध्येच, ते धुळ्याच्या तुरुंगात असताना, एक आण्याला निघाली. संस्कृत न कळणाऱ्या आईसाठी गीता मराठीत आणायची होती. आई तोवर गेलेली होती.

आमच्या भातसा धरणाच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे. भातसाचं पाणी मुंबईला जातं, तिची जवळजवळ निम्मी तहान भागवतं. वाडीतून मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन बायका उतरतातच. तिथल्या एका म्हातारीला मी धुळ्याची ही हकिकत सांगितली. मोठमोठी शिकलेली माणसं, तुरुंगात दळत होती.

तिनं विचारलं, “नि पाणी कोण भरायचं?”

म्हटलं, कैदीच की.

“मंग बरं झालं,” म्हणाली, आणि सुपातली वरी पाखडायला लागली.